सत्तावीस खापऱ्या

मी पहिला घास उचलला आणि नातीने माझ्या जेवणाच्या टेबलावर विहीर उपडी केली. खाली वर्तमानपत्र अंथरलं होतं, एवढीच तिची रीतभात. निळ्या टबातून काळा गाळ आला, त्यात माखलेल्या खापऱ्या घरंगळल्या आणि एक माझ्या ताटाला टेकून थांबली. मग वास आला. नाल्याचा नव्हे, नाल्याला निदान वाहतं पाणी असतं. हा कोंडलेल्या पाण्याचा वास, पन्नास वर्षं झाकण ठेवून विसरलेल्या भांड्याचा. घास परत ताटात ठेवला. "अगं, हे काय ओकलीस इथे?" मी म्हणाले. "सोनं आहे, आजी," ती म्हणाली. नखांत काळं भरलेलं, कपाळावर चिखलाचा फराटा, आणि तोंडावर असं हसू की जणू पोर जन्माला घालून आली आहे. माझ्या सुनेने नाकाला रुमाल लावला आणि स्वतःचं ताट घेऊन आतल्या खोलीत निघून गेली. पोरीला हवं ते शिकू द्यायचा हट्ट तिचाच होता. भोगा आता. पण भोगायला मागे राहिले मी.

या मुलीने सहा वर्षं ग्रीक लोकांचा अभ्यास केला. ते लोक मरून अडीच हजार वर्षं झाली, पण त्यांच्या घरात बायका कोणत्या खोलीत बसायच्या, गुलामाला काय खायला घालायचे, बाजारात कोण कोणाला शिव्या द्यायचा, सगळं हिला तोंडपाठ. आपल्या घरातला गॅस संपलाय हे मात्र दोनदा सांगावं लागतं. मी एकदा विचारलं, हे तुला सांगितलं कोणी? म्हणाली, त्यांच्या उकिरड्याने. फुटकी मडकी, फाटलेली पत्रं, थडग्यांवरच्या ओळी, यांना इतिहासवाले साधनं म्हणतात. जे टिकलं ते साधन. जे टिकलं नाही त्याच्याविषयी शहाण्या माणसाने गप्प बसायचं. मला तेव्हाच शिसारी आली होती. आमच्या वेळी दुसऱ्याच्या कचऱ्यात हात घालणारीला वेगळं नाव होतं, आता कॉलेजात तिला टेबल-खुर्ची देतात. आणि मेलेल्यांचा कचरा उपसून पोट भरलं नाही म्हणून बाई जवळच्या कचऱ्याकडे वळली. वाचनालयाने एक खोली दिली, एक कपाट दिलं, आणि हिने आमच्याच भागाचा इतिहास लिहायला घेतला. सुरुवात कुठून, तर कपबशांच्या कारखान्यातून. तो बंद पडला, पाडला, आता तिथे इमारत उभी राहायची आहे, पाया खणताना जुनी विहीर लागली. मी त्या कारखान्यात अकरा वर्षं कपांना कान लावले हे घरात सगळ्यांना माहीत आहे. तेवढंच माहीत आहे.

ती उठली आणि माझ्या मोरीत, जिथे मी भाजी धुते तिथे, दात घासायच्या ब्रशाने एकेक खापरी घासू लागली. ब्रश कोणाचा होता ते विचारायची माझी छाती झाली नाही. जिभेवर मातीची चव आली, तोंडात थुंकी जमू लागली. "एकेचाळीस आहेत, आजी. साध्या फुटक्या नाहीत. प्रत्येकीवर कोरलंय. अथेन्समध्ये अगदी हेच करायचे! वर्षातून एकदा गावच्या पुरुषांनी चौकात यायचं, खापरीवर एक नाव कोरून टाकायचं. ज्याच्या खापऱ्या जास्त, त्याने दहा वर्षं गाव सोडायचं."

"का? काय केलं होतं त्याने?"

"काहीच करायला लागत नाही. आरोप नाही, साक्ष नाही, बचाव नाही. नुसतं नाव."

"म्हणजे मत द्यायचं ते घालवायला."

"घालवायला."

"शहाणे होते," मी म्हणाले. "आपण आणायला देतो आणि मग पाच वर्षं रडतो." ती हसली, आणि हसता हसता ओली खापरी उजेडात धरून वाचली, "टिटवी." दुसरी उचलली. "टिटवी. ही पण टिटवी. आजी, कान लावणाऱ्या बायकांत टिटवी कोण होती गं?"

 मी म्हणाले, असेल कोणीतरी, सगळ्यांचीच नावं पाडलेली असायची. हे खरंच होतं. टिटवी हे नाव मीच पाडलं होतं. ती हसायची तेव्हा भट्टीवरचे गडी मागे वळून बघायचे, असं किरटं, उघडं, लाज नसलेलं हसू. आम्ही दोघी एकाच बाकावर, कोपराला कोपर. साच्यातून ओले कप यायचे, फळीवर रांगेने, आणि दुसऱ्या फळीवर नुसते कान. कानाच्या दोन टोकांना पातळ चिखल लावायचा, कपाला दाबायचं, पुढचा कप. हात दिवसभर गार, पांढरे, सुजलेले. घरी गेल्यावर पोराला जवळ घेतलं तर ते अंग काढून घ्यायचं. टिटवीचं काम गबाळं. कान दाबताना खालच्या सांध्यावर तिच्या अंगठ्याचा ठसा उमटायचा आणि ती तो तसाच ठेवायची. त्या अंगठ्यावर मधोमध चीर, लहानपणी तारेने कापलेला, म्हणून ठसा दोन फाकांचा दिसायचा. मला ते बघवायचं नाही. मी माझा प्रत्येक सांधा ओल्या स्पंजाने पुसायची, एकदा, दोनदा, असा साफ की कान कपातूनच उगवलाय असं वाटावं. साहेब लोक फिरायला आले की मुकादम माझा कप दाखवायचा. मी मान वर करायची नाही, पण ऐकायची सगळं. टिटवी म्हणायची, "बाई गं, तू कान लावतेस की नवरीचं तोंड पुसतेस? चिखल राहू दे की थोडा, त्यालाही धरायला काही हवं." मी म्हणायची, तुझं तू बघ. माझ्या पाठीमागे सगळ्या मला राणीसरकार म्हणायच्या. मला माहीत होतं. मला आवडायचं.

"गंमत ऐक ना," नात म्हणाली. तिने धुतलेल्या खापऱ्या कोरड्या वर्तमानपत्रावर दोन ढिगांत लावल्या होत्या, एक मोठा, एक लहान. लहान ढिगात चौदा. "यांवर वेगवेगळी नावं, वेगवेगळी अक्षरं. पाच जणींनी लिहिलंय राणीसरकार. या कोण होत्या आणखी?"

पाच. मी खाली मान घालून ताटातला भात कालवत राहिले. गार झाला होता, गोळे झाले होते, ओल्या मातीसारखे बोटांना चिकटत होते. पन्नास वर्षांनी कळलं, पाच. मी सोडून लिहितावाचता येणाऱ्या चौदा, त्यातल्या पाच. "शिष्ट असेल कोणीतरी," मी म्हणाले.

"आणि हा मोठा ढीग, तुझ्या ताटाजवळची धरून, तिच्यावरचं मी विहिरीपाशीच वाचलं. सत्तावीस. सगळ्यांवर टिटवी, आणि आजी, सगळं अक्षर एकाच हातचं." ती आता मुलांना शिकवताना बोलते तशी बोलू लागली. ग्रीक लोकांतही अशी एक विहीर सापडली म्हणे. एकाच माणसाचं नाव कोरलेल्या दीड-दोनशे खापऱ्या, आणि कोरणारे हात मोजके. कोणीतरी आधीच बसून तयार करून ठेवल्या होत्या, लोकांच्या हातात द्यायला. "कोणाचे हात ते मात्र कळत नाही. साधन तिथे थांबतं." आणि आणखी एक गोष्ट सांगतात, खरी-खोटी देव जाणे. एक सरळमार्गी माणूस चौकात उभा होता. खेड्यातला एक अडाणी आला, त्याला ओळखत नव्हता, खापरी पुढे करून म्हणाला, यावर त्या सरळमार्ग्याचं नाव लिहून दे, सगळे त्याला चांगला चांगला म्हणतात ते ऐकून कंटाळा आला. आणि त्या माणसाने काही न बोलता स्वतःचं नाव लिहून दिलं. "मूर्ख," मी म्हणाले. इतक्या जोरात की आत सुनेने ताट ठेवल्याचा आवाज आला. नात माझ्याकडे बघत राहिली. मग तिने एक खापरी तिरपी धरली आणि नखाने दाखवलं. "बघ. बहुतेक लोक शब्द लिहून मग वर रेघ मारतात. इथे रेघ आधी. अक्षरांचे ओरखडे रेघेला कापून गेलेत. आणि रेघ शब्दापेक्षा लांब, दोन्ही बाजूंनी बाहेर आलेली."

माझ्या मागे फळीवर बरण्या आहेत. मीठ, साखर, तांदूळ, चहा. चिठ्ठ्या मी लिहिलेल्या. चार इयत्ता शिकले, पाचवीच्या आधी शाळा सुटली, पण आमच्या मास्तरांनी सांगितलं होतं की अक्षर वाकडं येत असेल तर आधी दोरी बांध, मग कपडे वाळत घाल. मी अजून दोरी बांधते. ती मोठी करून बांधावी लागते, कपडे किती निघतील आधी कळत नाही. या मुलीला अक्षरओळख त्याच बरण्यांवर झाली, माझ्या कडेवर बसून, बोट फिरवत. मी मागे वळून बघितलं नाही. मानेवर मुंग्या चालल्यासारखं झालं तरी नाही.

फोन वाजला आणि ती बोलत बोलत बाहेर गेली. तेव्हा मला ती खापरी दिसली जी मघाशी ताटाला टेकली होती. धुवायची राहिली होती. मी बोटाने गाळ सारला. ओशट, गार, कुजक्या पानासारखा गाळ. अर्ध्या कपाचा तुकडा, त्याला कान, शाबूत. कानाखाली ठसा, मधोमध चिरलेला. वरच्या अंगाला माझी रेघ, माझं अक्षर. इतर बायकांनी ढिगाऱ्यातून मिळेल ते खापर उचललं होतं, हिने आपलाच कप उचलला होता. मी उठले, तांदळाची बरणी उघडली आणि ती घाण, विहिरीतली, पांढऱ्या तांदळात कोपरापर्यंत हात घालून खोल गाडली. मग हात धुतले. साबण लावून परत धुतले. नखातलं गेलं नाही.

त्या वर्षी माल परत आला होता. पेट्याच्या पेट्या. गरम चहा ओतला की कान हातात आणि कप मांडीवर. कोणाची मांडी भाजली, कोणाचं पोर भाजलं. पेट्या आमच्या खोलीत आणून ओतल्या. निखळलेल्या कानांचा ढीग, उंदीर मारून टाकावेत तसा. मी एक उचलून बघितला. टोक गुळगुळीत, साफ, माझ्या स्पंजाने पुसलेलं, चिखलाचा कण नाही. दुसरा उचलला. एकाही कानावर कोणाच्या अंगठ्याची खूण नव्हती. मुकादमाला ते दिसणार नव्हतं, त्याने जन्मात कान लावला नव्हता. पण खोलीतल्या बाकी चाळीस जणींना आज ना उद्या दिसणार होतं. ते मला त्या ढिगासमोर उभ्या उभ्या कळलं, आणि तोंड असं आंबट झालं की मी तोंडावर हात धरला. मुकादम म्हणाला, "वरून हुकूम आहे. एक जण जाईल, नाहीतर खोलीच बंद. कोण ते तुमचं तुम्ही ठरवा, माझ्या माथी नको. नाव लिहून पिंपात टाका." कागद कुठून आणणार? खापऱ्या मात्र रगड, एकदा भाजलेल्या, मऊ, खिळ्याने ओरखडता येण्यासारख्या. "ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी राणीसरकारांकडे जा, अक्षर वळणदार आहे," असं तो म्हणाला आणि सगळ्या हसल्या. मी पेटी उलटी घालून बसले, मांडीवर खिळा.

त्या एकेक करून आल्या. वाकायच्या, तोंडाचा वास माझ्या तोंडावर सोडायच्या, कानात एक नाव सांगायच्या. काय काय सांगितलं! जिने कधी वाडगा परत केला नाही तिचं. जिचा नवरा चांगला तिचं. एकीने सासूचं नाव सांगितलं, ती कारखान्यातच नव्हती. दोघींनी टिटवीचं सांगितलं, हसते म्हणून. मला त्यांची किळस येत होती, खरंच येत होती, त्या ओठांची, त्या लहान लहान द्वेषांची. आणि माझा हात लिहीत होता. रेघ, टिटवी. रेघ, टिटवी. वाचता कोणाला येत होतं? पांढरी धूळ मांडीवर साठत होती. त्या खापरी घेऊन जायच्या आणि पिंपात टाकायच्या, आवाज व्हायचा, टण्ण. मुकादमाने ओतून मोजल्या, नाव मोठ्याने वाचलं, सत्तावीसदा वाचलं, आणि सगळं परत पिंपात भरून मागच्या विहिरीत लोटून दिलं. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. प्रत्येकीला वाटलं, दुसरं नाव दिलेली मी एकटीच, बाकी सगळ्यांना हीच नको आहे. आणि मग कोणी काही बोललं नाही. मान खाली घालून कान लावू लागल्या. मीही. त्या दिवसापासून मी सांध्यावर अंगठा दाबून ठेवू लागले. माल परत येणं थांबलं. मुकादम म्हणाला, बरं झालं गेली ते.

ती मला एकदाच दिसली त्यानंतर. दवाखान्याच्या कँटीनमध्ये, माझ्या पोराचं हाड मोडलं होतं तेव्हा. ती कप धूत होती. मला बघितलं, ओला कप उचलला, आमच्याच कारखान्याचा, आणि कानाला धरून एक हिसका दिला. कान निघाला नाही. मग हसली. तेच हसू, सगळं कँटीन वळून बघू लागलं. मी चहा न पिता परत फिरले. काय कळलं होतं तिला, किती कळलं होतं, हे मला आजवर माहीत नाही. हसू टिकत नाही. ते साधन नव्हे.

नात परत आली. तिने खापऱ्या परत मोजल्या, बोट लावून. "चाळीस," ती म्हणाली. एवढंच. टेबलाखाली वाकून बघितलं नाही, टब झाडला नाही. मग माझ्यासमोर बसली. "फोन टिटवीच्या मुलीचा होता. हजेरीपुस्तकात एका बाईपुढे टिटवी लिहून नाव कापलं होतं, त्यावरून शोधून काढलं मी तिला. शनिवारी वाचनालयात मी बोलणार आहे ना, तेव्हा येते म्हणाली. आई गेली तिची, बरीच वर्षं झाली. आजी, तिची आई शेवटपर्यंत एकच सांगायची. म्हणायची, अख्ख्या खोलीत मी एकीलाही नको होते. इतकी काय वाईट होते मी? नंतर हसायची सुद्धा बंद झाली होती म्हणे." तिने मोठ्या ढिगावर बोट ठेवलं. "मी तिला सांगू शकते की अक्षर एका हातचं आहे. ती विचारेल, कशावरून? कोणीतरी सगळ्यांच्या वतीने, सगळ्यांनी सांगितलं तेच लिहिलं नसेल कशावरून? त्याला माझ्याकडे उत्तर नाही. ते खापरीवर नसतं."

पंखा फिरत होता. वर्तमानपत्राचा कोपरा उडायचा आणि ओल्या गाळाला चिकटायचा. मला वाटलं उठावं, सगळं गोळा करावं आणि कचऱ्याच्या गाडीत टाकावं, ब्रशासकट, ग्रीकांसकट, या मुलीच्या स्वच्छ प्रश्नासकट. तिने पिशवीतून एक छापील कागद काढला आणि माझ्यापुढे सरकवला. ज्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी ती टेपवर घेते त्यांची संमती लागते, खाली सहीचा चौकोन. पेन ठेवलं. मग पिशवीत परत हात घातला आणि शाईचा पॅड काढून पेनाशेजारी ठेवला. "सही कर," ती म्हणाली, आणि कागदाकडेच बघत म्हणाली, "नाहीतर अंगठा दे. अंगठाही चालतो, आजी."

अंगठा. मला. या घरात सगळ्यांना ठाऊक आहे की मी कधी अंगठा दिला नाही, लग्नाच्या नोंदीत नाही, नवऱ्याच्या मरणाच्या दाखल्यावर नाही. अंगठा देणाऱ्या बायकांना मी जन्मभर नाकं मुरडली. तिनेच ते सर्वांना कौतुकाने सांगितलंय. तेव्हा मला कळलं. फळीकडे तिने आल्यापासून एकदाही बघितलं नव्हतं. पहिली खापरी धुतली तेव्हापासून तिला माहीत होतं, कदाचित विहिरीच्या काठावरच, चिखलात उभी असताना. आणि आता ती मला वाट काढून देत होती, मऊ, शाईची, ज्यात अक्षर लागत नाही. मुकादमाने दिली होती तशीच. दिवसभर जी मळमळ घाणीची वाटत होती ती घाणीची नव्हती. त्या दयेने ती घशाशी आली.

मी उठले. तांदळाची बरणी काढली, हात घातला, आणि खापरी बाहेर काढून त्या कागदावर ठेवली. तांदळाचे दाणे गाळाला चिकटले होते, अळ्यांसारखे. "धर," मी म्हणाले. "कान ओढून बघ."

तिने ओढला. आधी हलके, मग जोराने.

"नाही ना येत? पन्नास वर्षं पाण्यात होता. खाली अंगठा आहे बघ, चिरलेला. तो तिचा. ही तिची खापरी. सगळ्यांत शेवटी आली ती."

"तिने तुला कोणाचं नाव सांगितलं होतं?" नातीने विचारलं. आवाज बारीक झाला होता तिचा.

"कोणाचंच नाही. म्हणाली, कोणाच्या पोटावर पाय देऊ मी, बाई? तू तुझ्या मनाला येईल ते लिही. तुझ्या हातावर माझा भरवसा आहे." मी खुर्चीत बसले. "मी लिहिलं. तिने घेतली, बघून मान हलवली, जणू वाचता येतंय. केवढं छान अक्षर म्हणाली. आणि स्वतःच्या हाताने पिंपात टाकली." नातीने तोंडावर हात धरला. तिच्या डोळ्यांत मला जे दिसलं ते मी ओळखलं. ते मी त्या दिवशी, वाकून कुजबुजणाऱ्या प्रत्येकीकडे बघताना, माझ्या डोळ्यांत घेऊन बसले होते. बरं वाटलं. निदान ती दया तरी गेली. "शनिवारी त्या मुलीला हे सगळं सांग," मी म्हणाले. "दोघींनी सांगितलं होतं तिचं नाव. दोघींनीच. बाकीच्या पंचवीस माझ्या. आणि निखळलेले कान कोणाचे होते तेही सांग."

शाईचा पॅड मी बंद केला आणि तिच्याकडे सरकवला. पेन घेतलं. चौकोन मोठा होता. या टोकापासून त्या टोकापर्यंत आधी रेघ ओढली, शब्दाला लागेल त्याहून लांब, दोन्ही बाजूंनी बाहेर आलेली. मग एकेक अक्षर तिला टांगायला घेतलं.